खपलीचं पाणी

भूपाल मगदूमांच्या हुग्गीला नाव ठेवणारं माणूस जयसिंगपूरपासून कुरुंदवाडपर्यंत शोधून सापडलं नसतं. एकच सापडलं, आणि ते त्यांच्याच घरात जन्माला आलेलं होतं.

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. खपली भिजवायची, हलक्या हातानं सडायची, दाणा फुलेपर्यंत शिजवायची, मग गूळ, खोबरं, खसखस, बडीशेप आणि सुंठ. सांगायला सोपं आहे. पण हजार माणसांच्या पंगतीला पहिल्या वाढपापासून शेवटच्या वाढपापर्यंत ती तशीच राखायची, तर आचारी लागतो आणि त्या भागात आचारी म्हटलं की भूपालअण्णा. लग्न ठरलं की लोक आधी अण्णांची तारीख विचारत आणि मग मुहूर्त काढत.

त्यांची एकुलती एक लेक पद्मजा सांगलीला चौगुल्यांच्या घरी दिली होती. तिनं एक दिवस फोनवर सांगितलं, "अण्णा, मला गहू सोसत नाही असं वाटतंय."

अण्णा हसले होते. "गहू सोसत न्हाई म्हणजे काय गं? गव्हावर तर वाढलीस तू!"

पद्मजाला वरचेवर जुलाब व्हायचे, तोंड यायचं, रक्त कमी भरायचं. पहिला गर्भ राहिला आणि तिसऱ्या महिन्यात गेला. कुठंतरी वाचून तिनं आपल्या मनानंच गहू बंद केला आणि दोन महिन्यांनी, बरं वाटायला लागल्यावर, रक्त तपासून घेतलं. तपासणीत काहीच निघालं नाही. अण्णांनी त्या दिवशी घरी पेढे आणले. "बघ! कागदावर लिहून दिलंय. तुला काही झालेलं न्हाई. डोक्यातलं खूळ आहे सगळं."

चूक कुणाची म्हणायची? गव्हातलं ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन काही माणसांच्या शरीराला शत्रू वाटतं. ते पोटात आलं की शरीर त्याच्याविरुद्ध शस्त्रं परजतं, आणि रक्ताच्या तपासणीत दिसतात ती ही शस्त्रं. गहूच बंद केला तर शत्रू नाही, मग शस्त्रंही हळूहळू म्यान होतात. तपासणी करायची तर गहू खात असतानाच करायची, ही साधी गोष्ट पद्मजाला कुणी सांगितली नव्हती. कागद खोटं बोलत नव्हता, त्याला चुकीच्या वेळी विचारलं होतं. अण्णांनी मात्र तो कागद ब्रह्मवाक्य मानला.

पद्मजानं कागद बाजूला ठेवला आणि गहू खाल्ला नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले. तोही गर्भ राहिला नाही.

त्यानंतर ती पट्टी आली.

दंडावर चिकटवायची, टपाल तिकिटाएवढी पट्टी. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक तिला 'साक्षी' म्हणू लागले. पोटात गेलेल्या ग्लुटेनचे काही तुकडे पचत नाहीत. ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून घामात उतरतात. पट्टी ते ओळखते. एरवी तिच्यावरचा ठिपका हिरवा असतो. तुकडे सापडले की एक-दोन दिवसांत लाल होतो. एवढ्यावर थांबतं तर विज्ञान कसलं? लाल पट्टी प्रयोगशाळेत पाठवली की गहू कुठल्या वाणाचा होता हेही कळायला लागलं. चपातीच्या गव्हात प्रथिनांची एक अख्खी शाखा असते, ती खपलीत नसते. लोकवनची खूण वेगळी, बन्सीची वेगळी.

लोकांना आधी गंमत वाटली. मग हॉटेलवाल्यांची भांडणं झाली, सोयरिकी जुळवताना पट्टीचा अहवाल मागायला लागले, आणि लग्नाच्या पंगतीत माणसं वाढप्यासमोर दंड उघडा करून बसू लागली. पूर्वी पोट दुखलं तर माणूस ओवा खाऊन गप्प बसायचा. आता पोट नाव घेऊन सांगायला लागलं.

पद्मजानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा काही आठवडे गहू खाल्ला, हाल सोसले, रीतसर तपासणी करून घेतली आणि या वेळी दुखणं पक्कं निघालं. सांगलीच्या डॉक्टर केळुसकर बाईंनी तिला टॉवेल दाखवून समजावलं. आतड्याच्या आतलं अस्तर नव्या टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक लवांचं. अन्नातला कस त्या लवा टिपून घेतात. "तुमचा टॉवेल झिजून पंचा झालाय," त्या म्हणाल्या. "लवा परत येतील. पण सहा महिने पट्टी हिरवी राहिली पाहिजे. एकदाही लाल नको. मगच आपण मुलाचा विचार करू." पद्मजाचं वय छत्तीस होतं. पुढं ढकलायला फारसं काही उरलं नव्हतं.

पाच महिने पट्टी हिरवी राहिली. त्याचं श्रेय पद्मजाच्या सासूला, राजमतीबाईंना. त्यांनी घरातून गहू हद्दपार केला, पोळपाट-लाटणं बदललं, दळणासाठी घरातच छोटी गिरणी आणली. स्वतःला चपातीशिवाय घास उतरत नसे, तरी त्या मुकाट शाळू ज्वारीची भाकरी खाऊ लागल्या.

आणि मग अण्णांच्या पुतणीचा साखरपुडा आला.

पद्मजा आदल्या दिवशी सकाळी माहेरी आली ती हातात डबा घेऊन. अण्णांचं लक्ष आधी डब्याकडं गेलं. "बापाच्या घरी डबा आणलास? ह्या घरात चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलंय मी."

"तसं नाही हो अण्णा."

"मी करतो तुझ्यासाठी वेगळी खीर. शाळूच्या कण्यांची. भांडं नवं, पळी नवी. मग तर झालं?"

पद्मजानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि डबा तसाच ठेवून दिला.

अण्णांनी शब्द पाळला. भांडं नवं काढलं, हात साबणानं तीनदा धुतले. पण शाळूची खीर काही मिळून येईना. कण्या एकीकडं, गुळाचं पाणी एकीकडं. अर्धा तास ढवळून अण्णांनी चव घेतली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या चुलवणावर त्या दिवशीच्या पाहुण्यांच्या पंगतीची हुग्गी रटरटत होती. वर दाट, पिवळसर, तकतकीत पाणी आलं होतं. त्या पाण्यातच सगळा जीव असतो, हे आचाऱ्याला सांगावं लागत नाही.

दाणा नको, अण्णांच्या मनात आलं. दाणा कुठं घालतोय मी? नुसतं पाणी. आणि खपली म्हणजे काय गहू आहे? आज्या-पणज्यांपासून बाळंतिणीला देत आलेत. खपलीनं कधी कुणाला बाधलंय?

त्यांनी दोन पळ्या पाणी शाळूच्या खिरीत ओतलं. खीर मिळून आली.

पद्मजानं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. "अण्णा! ही तर अगदी तुमच्या हुग्गीसारखी लागतेय!" ती दोनदा मागून जेवली. पाच महिन्यांत लेकीला असं जेवताना बघितलं नव्हतं. अण्णांचा ऊर भरून आला. मनाच्या एका कोपऱ्यात ते असंही म्हणाले, की बघू या आता काय होतंय. काही होणार नाही, आणि मग हे खूळ एकदाचं जाईल.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा उरकून पद्मजा सांगलीला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"अण्णा, पट्टी लाल झाली."

अण्णा भाजी चिरत होते. हातातली सुरी त्यांनी खाली ठेवली.

"सहा महिने परत पहिल्यापासून," पद्मजा रडत होती. "काल सासूबाईंनी घावनं केली होती. सकाळी थालीपीठ. त्यातच काहीतरी गेलं असणार. अण्णा, मला काही सुचत नाही."

आता, या क्षणी सांगून टाकावं, असं अण्णांना वाटलं. तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पीठ बघ जरा त्यांचं. कुठनं आणतात, कशात मिसळतात. जुनी माणसं असतात, त्यांना पटत नसतं हे सगळं."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ चिरलेल्या भोपळ्याकडं बघत उभे राहिले. न सांगणं एक झालं. दुसऱ्याकडं बोट दाखवणं हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. लाजेनं त्यांचे कान गरम झाले. त्रिशलाबाई, त्यांची बायको, दारातून म्हणाली, "काय झालं?" ते म्हणाले, "काही न्हाई."

सांगलीत व्हायचं ते झालं. पद्मजाचा नवरा अभिनंदन आईला बोलला. आधी हळू, मग मोठ्यानं. राजमतीबाईंनी पिठाचे डबे काढून त्याच्यासमोर मांडले, एकेक उघडून दाखवला. शेवटी त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम केलं असं म्हणतोस व्हय रे?" त्यावर अभिनंदन एकेका डब्याचं झाकण लावत राहिला. त्या दिवशी दुपारी त्या मिरजेला भावाकडं निघून गेल्या. जाताना घरातली छोटी गिरणी पुसून, झाकून ठेवून गेल्या.

हे सगळं त्रिशलाबाईकडून अण्णांच्या कानावर येत होतं. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगायचं. दुपारी म्हणत, पद्मजा कामात असेल. संध्याकाळी घरच्या रीतीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवायला बसत आणि म्हणत, आता उद्या. दोन लग्नांच्या सुपाऱ्या त्यांनी परत केल्या. लोकांना वाटलं, अण्णा थकले.

लाल पट्टी प्रयोगशाळेत गेली होती, वाणाचा अहवाल शनिवारी येणार होता. हे दुखणं रक्तातून चालत येतं, म्हणून डॉक्टरांनी पद्मजाच्या आई-वडिलांनाही त्याच दिवशी तपासणीला बोलावलं. सासूलाही बोलावलं, कारण स्वयंपाकघर कुणाचं का असेना, पुढचे सहा महिने सगळ्यांनी मिळून काढायचे होते.

अण्णा गाडीतच ठरवून आले होते. राजमतीबाईंना आधी सांगायचं, बाजूला घेऊन, हात जोडून. मग पद्मजाला. रक्त देऊन झाल्यावर ते बाहेर आले. राजमतीबाई बाकाच्या टोकाला पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. सून समोर उभी होती, तिच्याकडं त्या बघत नव्हत्या. अण्णा त्यांच्या शेजारी बसले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं."

"बोला की," राजमतीबाई म्हणाल्या. "सगळेच बोलालेत."

अण्णा पुढं सरकले. "त्या दिवशी साखरपुड्याला मी..."

समोर पद्मजाच्या हातातला फोन वाजला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर करून बापाकडं पाहिलं.

"खपली," ती म्हणाली.

राजमतीबाईंनी डोळे मिटले. "माझ्या घरात खपली येत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "कधीच आलेली न्हाई."

"मी तेच सांगत होतो," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "आत्ता सांगतच होतो. विचार ह्यांना. मी सुरुवात केली होती..."

त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि ते थांबले. ते सांगणारच होते हे खरं होतं. पण आता ते जगात कुणालाही पटवून देता येणार नव्हतं. यंत्र त्यांच्यापेक्षा अर्ध्या वाक्यानं आधी बोललं होतं. आणि मनातल्या मनात त्यांना स्वतःलाही खात्री देता येईना, की फोन वाजला नसता तर ते वाक्य पुरं झालंच असतं.

"दाणा नव्हता," पद्मजा म्हणाली. "मी बघून खाल्लं होतं. मग काय होतं त्यात?"

"पाणी," अण्णा म्हणाले. "नुसतं वरचं पाणी. दोन पळ्या."

मगदूमांच्या घरात जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं फिरवून, ते पाणी पिऊन टाकायची रीत होती. अन्नाचा कणही वाया जायला नको म्हणून. अण्णांनी ती कधी मोडली नव्हती. लहानग्या पद्मजाला मांडीवर बसवून त्यांनीच शिकवली होती.

"ताट धुऊन ते पाणी पिणारा माणूस तुम्ही," ती म्हणाली. "त्या पाण्यातही अन्न असतं म्हणून सांगणारे. आणि मला म्हणता, नुसतं पाणी?"

अण्णांची मान खाली गेली ती वर झालीच नाही.

दोन-तीन तासांनी रक्ताचा निकाल आला आणि डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. "मगदूम, पद्मजाला हे तुमच्याकडून आलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तात तिच्यापेक्षा जास्त आहे. पोटाचा त्रास कधीपासून?"

अण्णा आठवू लागले. आठवेल तितक्या मागं पोटाचा त्रास होताच. वाताचा, पित्ताचा, जागरणाचा, चुलीच्या धगीचा. त्याला त्यांनी दरवेळी नवं नाव दिलं होतं आणि वर ओवा खाल्ला होता. लेकीचं शरीर जे ओरडून सांगत होतं, तेच त्यांचं शरीर जन्मभर सांगत आलं होतं. त्यांनी दोघांचंही ऐकलं नव्हतं.

उठता उठता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ह्या पट्टीला मागचं कळतं का हो? म्हणजे, पट्टी लावायच्या आधीचं? दोन वर्षांपूर्वी काय खाल्लं होतं ते?"

"छे. गेल्या दोन-तीन दिवसांचंच कळतं. का?"

"सहज," अण्णा म्हणाले. आणि त्यांना हायसं वाटलं. बाहेर येऊन चप्पल घालताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटलं, आणि सबंध दिवसातली सगळ्यात मोठी लाज त्यांना तेव्हा वाटली.

घरी आल्यावर त्यांनी त्रिशलाबाईला समोर बसवलं आणि सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पद्मजाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते तेव्हा त्यांनी स्वतः डिंकाचे लाडू करून सांगलीला पोचवले होते. नाचणीचे आहेत, बिनधास्त खा, असं सांगून. नाचणी नव्हती त्यात. खपलीचं पीठ होतं, तुपात खरपूस भाजलेलं. तपासणीचा कागद चांगला आला होता आणि पोर अशक्त झाली होती. तिला ताकद यावी एवढंच त्यांच्या मनात होतं. रोज सकाळी एक लाडू खात होती ती. डबा संपायच्या आत दवाखान्यात न्यावं लागलं.

त्रिशलाबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्यानंच झालं असं कोण म्हणतंय? डॉक्टर म्हणाले का तसं?"

"न्हाई. कुणालाच सांगता येणार न्हाई."

"मग गप बसा. तुमच्या पाया पडतो मी, गप बसा. आता सांगून काय ते लेकरू परत येणार आहे? आणि कळणार कसं कुणाला?"

"म्हणूनच सांगाय पायजे," अण्णा म्हणाले. "कळणार असतं तर मग मी सांगून काय उपयोग होता?"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच सांगलीला गेले. दार राजमतीबाईंनी उघडलं. अभिनंदननं जाऊन, पाया पडून आईला परत आणलं होतं. गिरणीवरचं झाकण काढलेलं होतं. अण्णांनी दारातच हात जोडले आणि आदल्या दिवशीचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. पाण्याचं सांगितलं, आणि फोनवर पिठाकडं बोट दाखवलं होतं तेही. राजमतीबाईंनी ऐकून घेतलं. "आत या," एवढंच म्हणाल्या.

पद्मजा सोफ्यावर बसली होती. तिनं बापाला बस म्हटलं नाही. अण्णा उभेच राहिले आणि लाडवांचं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. नाचणी म्हणालो होतो, तेही सांगितलं.

पद्मजाचा चेहरा पांढरा पडला. नकळत तिचा हात दंडावरच्या नव्या पट्टीवर गेला. पट्टीवरचा ठिपका हिरवा होता.

"हे हिला कळलं नसतं," ती म्हणाली.

"न्हाई."

"मग कशाला सांगितलंत?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लागलं. दारामागून रडण्याचा आवाज येऊ लागला, लहानपणी यायचा तसाच, उशीत तोंड खुपसलेला.

अण्णा जायला वळले. "थांबा," राजमतीबाई म्हणाल्या. "जेवून जा."

"नको विहीणबाई. मी कुठल्या तोंडानं..."

"जेवून जा म्हणतो न्हवं. डॉक्टर म्हणाल्या, तुमचंही दुखणं तेच. तुमच्या घरात अजून गहू आहे, बाहेर कुठं खाणार? तुम्हाला चालेल असं आत्ता एकच घर आहे." त्यांनी पाट मांडला. भाकरी, मुगाची आमटी, दही वाढलं. दुसरी भाकरी न विचारता वाढली.

अण्णा जेवले. आतलं रडणं थांबत नव्हतं आणि ताटात टाकणं त्यांना येत नव्हतं. एकेक घास चावून त्यांनी ताट संपवलं. मग तांब्यातलं थोडं पाणी ताटात घातलं, बोटानं कडेकडेनं फिरवलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि ते पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, पिऊन टाकलं.